वॉव क्लासिकमधला रोग: स्पेक ठरवण्याआधी हातातलं शस्त्र बघा

‘रोग’ हे नाव देवनागरीत वाचलं की आजारच आठवतो. पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू) सर्व्हरवर याच्या तावडीत सापडलेल्या मेजला (जादूगाराला) विचारलंत, तर तोही वेगळं काही म्हणणार नाही. हे परीक्षण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या क्लासिक आवृत्तीतल्या, म्हणजे लेव्हल ६० ला थांबणाऱ्या जुन्या खेळातल्या रोगचं, म्हणजे लपून वार करणाऱ्या पात्राचं आहे. नंतरच्या आवृत्त्या खेळून आलेले लोक इथे आधी म्युटिलेट (दोन खंजिरांचा वार) शोधत बसतात. ते २००७ च्या बर्निंग क्रुसेडमध्ये आलं. इथे ते नाही.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: असॅसिनेशन, कॉम्बॅट की सटलटी? (लेव्हलसोबत मिळणाऱ्या पॉइंटांनी घ्यायच्या खास क्षमता म्हणजे टॅलेंट; त्यांच्या या तीन शाखा, आणि निवडलेली शाखा म्हणजे स्पेक.) खरं तर हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवायचा असतो. हातात काय आहे ते आधी बघायचं, टॅलेंट मागाहून. आणि एकट्याने लेव्हल वाढवायची असेल तर उत्तर एकच: तलवार आणि कॉम्बॅट.

खंजीर का नको, ते हिशेबातच कळतं. बॅकस्टॅबला (खंजिराचा पाठीतला वार) ६० एनर्जी (वारांसाठी खर्च होणारी शक्ती) लागते आणि मॉबच्या (खेळातल्या शत्रूच्या) पाठीमागे उभं राहावं लागतं. एकटे असताना मॉबचं तोंड सतत तुमच्याकडेच. मग गाउज मारून त्याला ४ सेकंद गुंगवायचं, वळसा घालून मागे जायचं आणि बॅकस्टॅब मारायचा. गाउजला ४५, बॅकस्टॅबला ६०, बेरीज १०५. तुमची पट्टी १०० ची. एनर्जी दर २ सेकंदांनी २० परत येते, त्यामुळे गाउजच्या आत एकदा जमतं. पण त्याआधी दुसरं काही मारलं असेल तर नुसतं ताटकळत उभं राहायचं. त्यात गॅरोटचा रक्तस्राव किंवा डेडली पॉयझन चालू असेल तर त्याच्या पुढच्याच झटक्याला मॉब जागा होतो आणि तुम्ही अर्ध्या वळशात सापडता. आपल्याकडून खेळणाऱ्यांना आणखी एक ताप. भारतात सर्व्हर नाही, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) शंभर मिलिसेकंदांच्या वरच राहतो. हलत्या मॉबच्या मागे तुम्ही पोचलात असं पडद्यावर दिसतं, सर्व्हरला ते पटलेलं नसतं.

तलवारीला यातलं काहीच लागत नाही. सिनिस्टर स्ट्राइक हा नेहमीचा वार समोरून चालतो, किंमत ४५, आणि इम्प्रूव्ह्ड सिनिस्टर स्ट्राइकचे दोन पॉइंट घातले की ४०. टॅलेंट लेव्हल १० ला सुरू होतात, पहिले दोन पॉइंट डोळे मिटून तिथेच. मग इम्प्रूव्ह्ड गाउज ३, डिफ्लेक्शन ५ आणि प्रिसिजन ५, की रिपोस्ट (घाव अडवल्यावरचा उलटा वार) उघडतो. पुढे ड्युअल वील्ड (दोन्ही हातांत शस्त्र) स्पेशलायझेशन. ऑफ हँडचं (दुसऱ्या हातातलं) शस्त्र मुळात निम्माच डॅमेज करतं, पाच पॉइंटांनी ते ७५ टक्क्यांवर येतं. लेव्हल ३० ला ब्लेड फ्लरी आणि ४० ला अ‍ॅड्रेनलिन रश (एनर्जी भराभर परत येते) हातात यायलाच हवेत. ब्लेड फ्लरी १५ सेकंद चालते, वेग २० टक्क्यांनी वाढतो आणि प्रत्येक घाव शेजारच्या दुसऱ्या मॉबलाही बसतो. चुकून दोन मॉब अंगावर आले तर तीच चालवायची, सोबत इव्हेजन (घाव चुकवणं). पळायची गरज बहुतेकदा पडत नाही.

तलवार घेताना हिरवा-निळा रंग आणि डीपीएसचा (दर सेकंदाच्या डॅमेजचा) आकडा सगळेच बघतात, वेग बघायचा राहतो. मेन हँडला (मुख्य हाताला) संथ तलवार हवी, २.६ ते २.८. सिनिस्टर स्ट्राइक शस्त्राच्या एका घावाच्या डॅमेजवर मोजला जातो आणि संथ शस्त्राचा एकेक घाव जड असतो. ऑफ हँडला उलट, वेगवान शस्त्र, कारण इन्स्टंट पॉयझन दर घावाला २० टक्के शक्यतेने लागतं: जितके घाव जास्त तितकं विष जास्त. अलायन्सवाल्यांनी (खेळातल्या दोन बाजूंपैकी एक, दुसरी होर्ड) डेडमाइन्स या डन्जनमध्ये (गटाने उतरायच्या तळात) व्हॅनक्लीफ या बॉसकडून क्रूएल बार्ब (वेग २.८) मिळेपर्यंत फेऱ्या मारल्या तरी वेळ वाया जात नाही. पुढे मॅरॉडॉन डन्जनच्या क्वेस्टमधून (कामगिरीतून) थ्रॅश ब्लेड मिळते. ती नशिबावर नसते, म्हणून जास्त आवडते.

इथे एक खड्डा आहे. रोगला तलवार जन्मतः येत नाही. वेपन मास्टरकडे १० सिल्व्हर देऊन शिकावी लागते: अलायन्सने स्टॉर्मविंडला वू पिंगकडे, होर्डने अंडरसिटीला आर्चिबाल्डकडे. ऑर्ग्रिमारला हेलपाटा घालू नका, तिथे तलवार कोणी शिकवत नाही. शिकल्यावर कौशल्य १ पासून सुरू होतं, तर कमाल मर्यादा लेव्हलच्या पाचपट. लेव्हल २० ला नवी तलवार घेऊन थेट डन्जनमध्ये शिरलात तर घाव हवेत जातील आणि ग्रुप वैतागेल. आधी खालच्या मॉबवर तासभर हात बसवा.

विषाची क्वेस्ट लेव्हल २० ला येते. तिच्याआधी कुलपं उघडण्याचं कौशल्य वाढवून ठेवा. अलायन्ससाठी रेडरिजच्या आल्थर्स मिलमध्ये सरावाच्या पेट्या आहेत. होर्डमध्ये ग्रुपमधला शामान (मांत्रिक) शस्त्रांना जोर देणारा विंडफ्युरी टोटेम लावत असेल तर मेन हँडला विष लावू नका, टोटेमचा परिणाम त्या शस्त्रावर बसत नाही. ही चूक साठाव्या लेव्हलवालेही करतात.

लढाईत स्लाइस अँड डाइस (घावांचा वेग वाढवणारं) चालू ठेवणं हेच निम्मं काम. एका कॉम्बो पॉइंटने (हे वारागणिक जमतात) ते ९ सेकंद टिकतं, पाचांनी २१. म्हणून पहिल्या एक-दोन पॉइंटांत लावून टाकायचं आणि उरलेल्यांचा इव्हिसरेट (शेवटचा जड घाव). कॉम्बो पॉइंट मॉबवर चढतात, तुमच्यावर नाही. दुसऱ्या टार्गेटवर पॉइंट चढवला की आधीचे गेले. एनर्जी शंभरवर पोचू देणं म्हणजे उतू जाणारं दूध बघत बसणं.

साठाव्या लेव्हलला मात्र निवड खरी सुरू होते. रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमेत) ६३ लेव्हलच्या बॉसविरुद्ध ३०० कौशल्याला ९ टक्के हिट (घाव न चुकण्याची जादा शक्यता) लागते, ३०५ ला ६. ह्यूमनला तलवारीचे पाच पॉइंट जातीतूनच मिळतात, बाकीच्यांनी वेपन एक्स्पर्टीज हे टॅलेंट घ्यावं. प्रिसिजनचे ५ टक्के धरले तर गिअरमधून (अंगावरच्या सामानातून) १ टक्का पुरतो, निदान सिनिस्टर स्ट्राइकसारख्या वारांना. साध्या घावांना त्यापुढचीही हिट उपयोगी पडते. तलवारींसाठी १९/३२/० (असॅसिनेशन/कॉम्बॅट/सटलटीचे पॉइंट) ही नेहमीची विभागणी. अप्पर ब्लॅकरॉक स्पायरमध्ये रेंडकडून डालरेंडच्या दोन्ही तलवारी मिळाल्या तर ५० अटॅक पॉवरचा सेट बोनसही मिळतो, पण त्यासाठी रांग मोठी असते आणि वॉरियरही त्यात उभे असतात. तलवारी हुकल्या आणि बार्मन शँकरसारखा संथ खंजीर हाती असेल, तर १५/३१/५ करून बॅकस्टॅबवर जा. रेडमध्ये बॉसचं तोंड टँककडे (मार झेलणाऱ्याकडे) असतं, तिथे खंजिराची अडचणच संपते.

असॅसिनेशनचं सील फेट क्रिटवर (जादा जोराच्या घावांवर) जगतं. अंगावर क्रिटचं गिअर नसताना ते घेणं म्हणजे बैलगाडीला टर्बो. सटलटी पीव्हीपीसाठीच, आणि तिथे तिला तोड नाही: हेमरेज ३५ एनर्जीत, समोरून, हव्या त्या शस्त्राने. वर प्रेपरेशन, म्हणजे व्हॅनिश (गायब होणं), इव्हेजन, स्प्रिंट (जोरात धावणं) पुन्हा तयार. मात्र फ्लॅश पावडर संपली असेल तर व्हॅनिशचं बटण दाबून काहीच होत नाही. पिशवीत वीसची थप्पी ठेवा.

टॅलेंट बदलण्याचा खर्च पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, मग दरवेळी पाचाने वाढत ५० पर्यंत. चाळिसाव्या लेव्हलच्या घोड्यासाठी गोल्ड साठत असताना हे प्रयोग परवडत नाहीत.