नाताळच्या कागदी हिमफुलांसाठी कागद: कोल्हापूरच्या बाजारात मिळणाऱ्या पाच प्रकारांचा कस

महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी किंवा राजारामपुरी, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात हे पाच कागद मिळतात: झेरॉक्सचा ए-फोर, पतंगाचा कागद, घोटीव कागद, टिंटेड कागद आणि कार्डशीट. हिमफूल म्हणजे स्नोफ्लेक कापायला पहिला नंबर झेरॉक्सच्या ७५ जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या) कागदाचा, आणि त्याचं कारण घडीत आहे.

खऱ्या हिमफुलाला सहा पाकळ्या असतात, कारण पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात. अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये विल्सन बेंटली यांनी १८८५ साली हिमकणाचा पहिला सूक्ष्मदर्शी फोटो काढला. पुढे त्यांनी पाच हजारांवर फोटो जमवले. त्यांतला कुठलाही एक बघितला, की चार किंवा आठ पाकळ्यांची कागदी चांदणी डोळ्यांना खटकू लागते. प्लॅस्टिकच्या तयार हिमफुलांच्या पाकिटांतही आठ पाकळ्यांची फुलं असतात. ती पाकळ्या मोजूनच घ्यावीत.

सहा पाकळ्यांसाठी ए-फोरमधून २१ सेंटिमीटरचा चौकोन काढा, तिरपा दुमडून त्रिकोण करा आणि लांब बाजूचा मध्य खुणेने धरा. त्या मध्यावर कंपासपेटीतल्या ३०-६० च्या गुण्याचा ६० अंशांचा कोपरा ठेवून दोन्हीकडून रेघा मारा आणि त्या रेघांवर त्रिकोणाचे तीन सारखे भाग दुमडा. नुसत्या अंदाजाने दुमडलं तर एक पाकळी हमखास बारीक येते. मग मधोमध आणखी एक घडी. आता हातात ३० अंशांची पाचर आहे आणि तिच्यात कागदाचे बारा थर आहेत.

कागदाची खरी परीक्षा या बारा थरांत होते. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे पाचर सव्वा मिलिमीटरच्या आसपास. कात्री सहज जाते. कार्डशीटची पाचर तीन मिलिमीटरच्या घरात जाते. बाहेरच्या थराला घडीवरून जास्त वळसा घ्यावा लागतो, आतले थर पुढे सरकतात आणि उलगडल्यावर प्रत्येक पाकळीची नक्षी वेगळी दिसते. शिवाय घडीवर कार्डशीटला भेगाही पडतात. या कामासाठी कार्डशीट घेऊच नका.

दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला पतंगाचा कागद खिडकीच्या काचेसाठी सगळ्यांत देखणा. उजेड आरपार येतो. पण तो कात्रीखाली सरकतो. पाचरीला बाहेरून झेरॉक्सच्या कागदाची एक घडी घालून, दोन्ही एकत्र कापा. घोटीव कागदाची एकच बाजू रंगीत असते, म्हणून तो भिंतीवर शोभतो. टांगला की पांढरी पाठ दिसत राहते.

कात्री लहान, टोकदार आणि धारेची हवी. बोथट कात्री कागद कापण्याऐवजी चावते. आतली बारीक नक्षी आधी, बाहेरची कड शेवटी. कात्री जागेवर ठेवून कागद फिरवा. दोन्ही घडींकडून घेतलेल्या कापांमध्ये किमान चार मिलिमीटर कागद राहू द्या; काप एकमेकांना भिडले की पाकळीच गळून पडते. पाचरीचं टोक तीन-चार मिलिमीटरच उडवा, नाहीतर मधलं छिद्र मोठं होऊन फूल लुळं पडतं. उघड्या कडेला एका घडीशी काटकोनात काप दिला तर षटकोन मिळतो, तिरका दिला तर टोकदार पाकळ्या.

उलगडलेलं फूल दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून कोमट, बिनवाफेची इस्त्री फिरवा. पतंगाच्या कागदाला इस्त्री नको. रात्रभर जाड वहीखाली दाबला की पुरे. चमकी लावायची तर पातळ फेव्हिकॉल टाळा, ओलाव्याने कागदाला लाटा येतात. ग्लू स्टिक उत्तम. काचेवर तीन टोकांना खळीचा ठिपका पुरतो. सेलोटेपने चिकटवलं, तर काढताना पाकळी फाटते.

टिंटेड कागदाचा मान मोठ्या, फुगीर चांदणीला. १२ सेंटिमीटरचे सहा चौकोन घ्या. प्रत्येक तिरपा दोनदा दुमडा आणि एका घडीपासून उघड्या कडेला समांतर तीन काप घ्या, दुसऱ्या घडीच्या पाच मिलिमीटर आधी थांबा. उलगडून सगळ्यांत आतली टोकं पुढे जोडा, त्यापुढची मागे, अशी आलटून-पालटून. मग सहाही भाग मध्यभागी स्टेपल करा. झेरॉक्सचा कागद इथे लोंबतो, टिंटेड आकार धरून ठेवतो.

उघड्या व्हरांड्यात टांगलेली फुलं पहाटेच्या दवाने वाकतात, तेव्हा तिथे ती रात्री आत घ्यावी लागतात. पुढच्या वर्षासाठी ठेवायची तर गुंडाळू नका. जुन्या फायलीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा.