हँड हायजीन ट्रेनिंगचा यूव्ही किट: सहा महिने वापरून झाल्यावर

आमचं साठ बेडचं हॉस्पिटल, इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर मी एकटीच. हात धुण्याचं ट्रेनिंग म्हणजे आजवर पोस्टर दाखवायचं, सहा स्टेप्स करून दाखवायच्या, सगळ्यांनी हो हो म्हणायचं आणि वॉर्डात गेलं की परत येरे माझ्या मागल्या. शेवटी मॅडमच्या मागे लागून हा किट मागवला. लोशनची बाटली, हँडरबमध्ये (हातावर चोळायचं सॅनिटायझर) मिसळायची एक छोटी बाटली, यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाचा टॉर्च आणि हात घालून बघायला काळा डबा, एवढंच येतं.

लोशन हाताला चोळायचं, रोजच्यासारखे हात धुवायचे आणि डब्यात बघायचं, जिथे साबण पोचला नाही तिथे चमकतं. पहिल्या दिवशी जवळपास सगळ्यांचे अंगठे चमकले! नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, अंगठीखालची जागा पण. एका मावशींच्या बांगड्यांखाली मनगटाभोवती सलग पट्टा दिसला. बांगड्यांचा विषय आमच्याकडे कायम नाजूक, सवाष्ण बाईला काढा म्हणायचं कसं, पण मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या "अगं बाई, हे घेऊन मी बाळंतिणीला हात लावते?" आणि उठून परत धुवायला गेल्या, या वेळी पूर्ण मिनिटभर. साबणाने 40 ते 60 सेकंद लागतात हे मी किती वर्षं सांगतेय, ते त्या दिवशी पटलं.

एक सांभाळा, हँडरबवाली बाटली वापरली तर हिशोब उलटा होतो, तिथे जे चमकत नाही ते राहिलेलं असतं. दोन्ही एकाच दिवशी घेतलं तर लोक गोंधळतात, आमचे गोंधळले. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे, मी मराठीत लिहून डब्याला चिकटवलंय. टॉर्चचे सेल लवकर उतरतात आणि खोलीत नीट अंधार नसेल तर काही दिसत नाही.

आणि हा किट जंतू दाखवत नाही हे आधीच सांगा, नाहीतर चमक गेली म्हणजे हात निर्जंतुक झाले असं वाटतं. हात कधी धुवायचे तेही तो शिकवत नाही. डब्ल्यूएचओचे 2009 चे पाच क्षण आहेत ना, त्यातला शेवटचा, म्हणजे पेशंटला नाही पण त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर, तो आमच्याकडे सगळ्यात जास्त सुटतो. त्यासाठी मी एका केसपेपरच्या फाइलला गुपचूप लोशन लावून ठेवलं. अर्ध्या तासाने टॉर्च मारला तर पेन, मोबाइल, बेडची रेलिंग, सलाइनचा स्टँड आणि एका नव्या सिस्टरचा गाल. कुणीच हसलं नाही.

1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने प्रसूती वॉर्डातल्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू खूप कमी झाले, तरी पुष्कळ डॉक्टरांनी मानलं नाही, कारण हातावर काय आहे ते त्याला दाखवता येत नव्हतं. फाइलवाल्या दिवशी मला सारखा तोच आठवत होता.

पाचपैकी चार स्टार, एक सेल आणि माहितीपत्रकासाठी कापला. रिफिल मागवलीय, नाइटच्या दोन बॅच आणि ओटीचे मामा अजून राहिलेत.