चन्याची मर: वाण बदलायचं, औषध लावायचं की वावरच बदलायचं?

सोयाबीन निघालं की धुऱ्यावर एकच विषय, औंदा चना कोणता पेरायचा. ज्याच्या वावरात मागच्या साली ठिकठिकाणी झाडं वाळली, त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी मेलेलं झाड आठवा. बुडखा उभा चिरल्यावर आत तपकिरी-काळी रेघ आणि मुळं वरून धडधाकट, तर ती फ्युजेरियम बुरशीची मर. कोवळं झाड सहज उपटून आलं, बुंध्याशी पांढरी बुरशी अन् मोहरीएवढे दाणे दिसले, तर ती मानकूज. जास्तीची ओल आणि न कुजलेलं सोयाबीनचं काड तिला मानवतं. घाटे भरताना, तापत्या कोरड्या जमिनीत झाड वाळलं आणि उपटताना सोटमूळ तुटलं, तर ती कोरडी मूळकूज. मर न लागणारं वाण या दोघींना आवरेलच असं नाही.

मर असेल तर माझं मत सरळ आहे, पहिला पैसा वाणावर. जॅकी 9218, विजय ही वाणं मरीला तोंड देतात. पेरणीनंतर वेगळी मेहनत नाही, कोरडवाहूतही चालतं. घरचं बियाणं मात्र सालोसाल भेसळीचं होत जातं. नाव जॅकी अन् वावरात तीन तऱ्हेची झाडं.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, स्वस्त पण नाजूक. किलोला 4-5 ग्रॅम बियाण्याला चोळायचा, शिवाय शेणखतात मिसळून जमिनीत द्यायचा. शेणखत आणि ओल नसेल तर तो टिकत नाही. मी एकदा पाकीट उन्हाळाभर टिनाच्या शेडमध्ये ठेवलं आणि तेच चोळलं. काहीच फरक पडला नाही. पडणार कसा, भाजून निघालं होतं ते. पाकिटावरची तारीख बघा आणि सोबत कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावू नका, ते ट्रायकोडर्मालाच मारतं.

कार्बोक्झिन-थायरम हे बुरशीनाशकांचं तयार मिश्रण, किलोला 3 ग्रॅम, कोंबाला सांभाळतं. पुढं मुळं खोल गेली की त्याची राखण संपते. झाडं वाळायला लागल्यावर आळवणीचा, म्हणजे बुडाशी औषधाचं पाणी ओतायचा, खर्च मी करत नाही, मेलेलं उठत नाही.

पाण्याची सोय असेल तर वाण, ट्रायकोडर्मा आणि जमीन थंड झाल्यावर पेरणी. कोरडवाहूवाल्याला थांबता येत नाही, ओल उडते. त्यानं वाण आणि रासायनिक बीजप्रक्रिया धरावी. मरीनं निम्मं वावर वाळलं असेल तर तिथं चना नकोच. गहू किंवा ज्वारी घ्या, तीही एका सालापुरती नाही. चना नसला तरी ही बुरशी मातीत सहा-सहा वर्षं तग धरते.

आणि मेलेल्या झाडांचं कुटार उकिरड्यावर टाकू नका. शेणखतासोबत ते परत त्याच वावरात जातं.