चालती गाडी अचानक बंद पडते: आधी पेट्रोल पंप बदलायचा की क्रँक सेन्सर?

मे महिना, भर दुपार, खंबाटकी घाटाचा चढ. आमच्या गाडीचं इंजिन बंद पडलं. झटका नाही, आवाज नाही. स्टेअरिंग एकदम जड झालं तेव्हा कळलं. कडेला २५ मिनिटं थांबलो आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली. गॅरेजवाल्यांनी पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप, बदलला. आठ दिवसांत गाडी पुन्हा तशीच बंद. दोष निघाला क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या सेन्सरचा. पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत हेच दोन संशयित सतत समोर येतात, आणि चुकीचा निवडला तर पैसे जातातच, वर गाडी पुन्हा रस्त्यात उभी राहते.

गाडी बंद कशी पडली, हे आधी नीट आठवा. पंप दमत चालला असेल तर गाडी बहुतेक वेळा आधी सांगते. चढाला किंवा ओव्हरटेक करताना पिकअप मिळत नाही, झटके बसतात, मग इंजिन मरतं. सेन्सर गेला की बटण दाबल्यासारखं सगळं थांबतं. गाडी गिअरमध्ये पुढे सरकत असते, चाकं इंजिन फिरवत असतात, तरी आरपीएमचा काटा शून्यावर. इंजिन फिरतंय हेच ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळत नाही, म्हणून स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही बंद.

‘गरम झाली की बंद, गार झाली की चालू’ एवढ्यावर मात्र निर्णय घेऊ नका. झिजलेला पंपही तापल्यावर अडतो आणि सेन्सरही.

आमची फसगत झाली ती पुढच्या गोष्टीत. सेल्फ मारताना पंप चालत नव्हता, म्हणून पंप गेला असं ठरलं. पण बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना क्रँक सेन्सरचा सिग्नल आल्याशिवाय ईसीएम पंपाला करंट देतच नाही; नुसती चावी ऑन केल्यावर मात्र दोनेक सेकंद देतो. म्हणजे सेन्सर मेला तरी पंपच मेल्यासारखा दिसतो! म्हणून सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा, एसीचा पंखा आणि टेप बंद ठेवा, आणि मागच्या सीटजवळ कान द्या. दोनेक सेकंद ‘घूं’ असा आवाज आला तर पंपाला करंट मिळतोय आणि तो फिरतोय. गाडी बंद पडलेली असताना हे करायला हवं. चालू झाल्यावर ऐकून उपयोग नाही. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) बघा. फ्यूजबॉक्समधला तसाच दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, अदलाबदल करून बघायला पैसा लागत नाही.

पंप फिरतोय पण जोर आहे का, हे कानाला कळत नाही. त्यासाठी फ्यूएल प्रेशर गेज लावायला सांगा. साध्या पोर्ट इंजेक्शनला (पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी फवारणाऱ्या) साधारण ३ ते ४ बार प्रेशर असतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचा भरवसा सेन्सरच्या बाबतीत जास्त: पी०३३५ किंवा पी०३३६ हा क्रँक सेन्सरचा कोड मिळाला तर दिशा मिळाली. पंप अनेकदा कुठलाच कोड न सोडता जातो. आणि स्कॅन होईपर्यंत बॅटरीची वायर काढू देऊ नका, कोड पुसले जाऊ शकतात.

सीएनजी गाडीवाल्यांना एक सोपी चाचणी आहे. फक्त पेट्रोलवर बंद पडत असेल तर संशय पंपाकडे; दोन्हींवर पडत असेल तर सेन्सरकडे. पंपाला थंडावा टाकीतलं पेट्रोलच देतं, त्यामुळे सीएनजीच्या भरवशावर टाकी कोरडी ठेवू नका.

‘घूं’ आवाज येत असेल आणि गाडी झटके न देता बंद पडत असेल, तर मी आधी सेन्सर बदलेन. तो सहसा पंपापेक्षा बराच स्वस्त असतो. त्याआधी त्याचा कपलर (वायरचा जोड) काढून तेल, गंज बघायचा. कधी दुखणं तेवढंच असतं. आधी झटके, मग बंद, आणि गेजवर प्रेशर कमी, असं असेल तर पंप. आणि इंजिनाबरोबर डॅशबोर्डचे दिवेही गेले, तर या दोघांनाही सोडा. बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंग आणि इग्निशन स्विच तपासा.

निदान होईपर्यंत घाटात जाऊ नका. वाटेत बंद पडलीच तर चावी काढू नका, स्टेअरिंग लॉक होईल. ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांपुरताच साथ देतो, म्हणून ब्रेक सारखा दाबत-सोडत न बसता एकदाच दाबून धरा, हॅझर्ड लावा आणि डावीकडे घ्या.