केसाएवढी वाट: पाण्याखालच्या हाउसिंगसोबत चौदा महिने

"हाउसिंगला पैसे लागणार आहेत," असं घरी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला. "मेंटेनन्स मागच्याच आठवड्यात भरला ना?" त्याला सोसायटी वाटली, मला म्हणायचं होतं कॅमेऱ्याचं पाण्याखाली न्यायचं कवच. किंमत ऐकल्यावर मात्र सोसायटी परवडली असती असं त्याचं मत पडलं.

मी पुण्यात नोकरी करते आणि ऑक्टोबर ते मे जमेल तसं मालवण गाठते. चौदा महिन्यांत या हाउसिंगसोबत (ऑलिंपसच्या टीजी-६ कॅमेऱ्याचं पीटी-०५९) ४१ डाइव्ह झाल्या: २७ मालवण-तारकर्ली, ४ मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला, १० अंदमानात हॅवलॉकला. मी व्यावसायिक फोटोग्राफर नाही. खिशाला झेपेल असं हाउसिंग शोधणाऱ्या माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी हे लिहितेय.

आधी फजिती सांगते, कारण नंतरचे सगळे निर्णय तिच्यातून निघाले. माझं पहिलं हाउसिंग एका छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचं होतं, ऑनलाइन घेतलेलं, कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही कारण चूक माझीच होती. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची सकाळ, होडी हलतेय, बाकीचे पाण्यात उतरलेले, आणि मी घाईघाईत होडीतच बॅटरी बदलून दार बंद केलं. चार मीटरवर गेले तेव्हा काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब दिसला. मग त्या थेंबाला शेजार मिळाला. तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर असताना "अगं बाई" म्हणता येत नाही हे त्या दिवशी कळलं. सावकाश वर आले, हाउसिंग तिरकं धरून पाणी कॅमेऱ्यापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवायचा प्रयत्न केला, वर येताच बॅटरी काढली. उपयोग शून्य. खाऱ्या पाण्याने आत जायचं ठरवलं की इलेक्ट्रॉनिक्सला वाचवणारं कुणी नसतं.

आमच्या डाइव्ह मास्टरने दार उघडून पाणी अडवणाऱ्या रबराच्या रिंगवरून, म्हणजे ओ-रिंगवरून, बोट फिरवलं आणि माझाच एक लांब केस चिमटीत धरून दाखवला. "ताई, पाण्याक केसाएवढी वाट पुरता."

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. हाउसिंग खोलवर फुटतं अशी आपली समजूत असते. खरं तर ओ-रिंगची चूक बहुतेक वेळा पहिल्या काही मीटरमध्येच उघडी पडते. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो आणि तोच दाब दार आणखी घट्ट दाबतो. वरवरच्या पाण्यात ती मदत नसते. म्हणून उतरल्यावर पहिला मिनिटभर मी फोटो काढत नाही, नुसती कवचाच्या आत बघत राहते.

दुसऱ्यांदा पैसे घालण्याआधी जे मिळेल ते वापरून पाहिलं. फोनचं प्लॅस्टिकचं पाकीट स्नॉर्केलिंगला चालतं, डाइव्हला नाही. पाण्याखाली टचस्क्रीन बोटाला ओळखत नाही, आणि दाबाने पाकीट स्क्रीनला चिकटलं की फोन मनाला येईल ते करतो. फोनसाठी कडक कवचंही मिळतात. सीलाइफचं स्पोर्टडायव्हर ४० मीटरपर्यंतचं आहे, बटणं ब्लूटूथने फोनशी बोलतात आणि आतली हवा खेचून गळती तपासायची सोय आहे. मैत्रिणीचं एक दिवस वापरलं, छान वाटलं. पण माझ्या फोनमध्ये यूपीआय आहे, बँक आहे, परतीचं तिकीट आहे आणि आईचे व्हॉइस मेसेज आहेत. ते सगळं समुद्राच्या भरवशावर सोडायची माझी छाती नाही.

गोप्रो हा छोटा अॅक्शन कॅमेरा सोपा. नुसता १० मीटरपर्यंत आणि त्याच्या कवचात ६० मीटरपर्यंत जातो, चालू करा आणि विसरा. हॅवलॉकच्या निळ्या पाण्यात भाच्याच्या गोप्रोचे व्हिडिओ माझ्या फोटोंपेक्षा सरस आले, हे कबूल करते. मालवणात मात्र तो कमी पडला. त्याची नजर रुंद, त्यामुळे मासा ठिपक्याएवढा दिसतो, आणि एका फुटाच्या आत गेलं की चित्र धूसर. आपल्याकडचं पाणी गढूळ. मला मालवणात पाच मीटर लांबचं दिसलं तर तो चांगला दिवस. अशा पाण्यात लांबून काढलेला प्रत्येक फोटो ताकात पडल्यासारखा दिसतो. इथे एकच उपाय: जवळ जा, आणखी जवळ जा.

घरी मिररलेस (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) असलेल्यांसाठी सीफ्रॉग्जसारख्या कंपन्यांची पॉलिकार्बोनेटची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, हाउसिंग आहेत, अॅल्युमिनियमच्या मानाने खूपच स्वस्त. ती मी वापरलेली नाहीत, त्यामुळे मत देत नाही. एवढंच, की कवच बहुतेक वेळा ठरावीक मॉडेलचंच असतं. उद्या कॅमेरा बदलला की कवच माळ्यावर.

शेवटी घेतला ऑलिंपसचा टीजी-६, वापरलेला, आणि त्याचं पीटी-०५९ हाउसिंग, नवं. कॅमेरा २०१९ चा. २०२३ मध्ये टीजी-७ आला, त्यामुळे आधीचा हातोहात मिळतो, आणि हेच हाउसिंग टीजी-७ लाही बसतं. हाउसिंग ४५ मीटरपर्यंतचं. हौशी डायव्हरची मर्यादाच ४० मीटर, त्यामुळे पुरून उरतं.

सगळ्यांचा ठरलेला प्रश्न: टीजी-६ स्वतःच १५ मीटरपर्यंत जलरोधक आहे, मालवणात त्याखाली फारसं जाणंही होत नाही, मग कॅमेऱ्याच्या निम्म्याहून जास्त किमतीचं कवच कशाला? उत्तर त्या केसात आहे. कवच गळलं तरी आतला कॅमेरा पाण्याला घाबरत नाही. दोन भिंती. एकदा हात पोळल्यावर मला दुसऱ्या भिंतीची किंमत फार वाटली नाही. शिवाय कॅमेऱ्याच्या छोट्या झाकणांमध्ये खारं पाणी आणि वाळू रोज जाण्यापेक्षा ती बाहेरच्या कवचावर बसलेली बरी.

आता खरं काम, आणि ते आदल्या रात्री होतं. तारकर्लीच्या होमस्टेमध्ये जेवण झालं की पंखा बंद करते, कारण पंखा हवेतली तुसं फिरवतो. केस बांधून रुमालाखाली. टेबलावर टॉवेल नाही, स्टीलचं ताट. टॉवेलचे धागे म्हणजे पुन्हा तीच कथा. ओ-रिंग काढायला टाचणी किंवा सुरीचं टोक लावायचं नाही. बाजूने चिमटीत दाबली की तिचा एक फुगवटा वर येतो, तिथून उचलायची. मग डोळे मिटून बोटांमधून पूर्ण फिरवते. डोळ्यांना न दिसणारा वाळूचा कण बोटाला लगेच लागतो. खाच कापसाच्या इयरबडने नाही, चष्म्याच्या कापडाच्या टोकाने पुसते. ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, तेही हाउसिंगसोबत आलेलंच. व्हॅसलीन अजिबात नको. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी रिंग अडवते. ग्रीस फक्त तिला सुरळीत बसवतं. रिंग चमकली पाहिजे, तिच्यावर पांढरा थर दिसला तर जास्त झालं.

एसी असेल तर दार एसीतच बंद करते, सिलिका जेलची पुडी आत घालून. कोकणातली दमट हवा आत कोंडली की गार पाण्यात काचेला आतून धुकं येतं. नेत्राणीला ही चूक केली आणि एक अख्खी डाइव्ह दुधी काचेतून पाहिली. बॅटरी दोन डाइव्हना आरामात पुरते, त्यामुळे होडीत दार उघडायचं नाही म्हणजे नाही.

फोटोंबद्दल. पाच-सहा मीटरवरच लाल रंग जवळपास निघून जातो, त्यामुळे उजेड सोबत न्यावा लागतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश मालवणात जवळजवळ निरुपयोगी: तो लेन्सच्या बाजूलाच असतो, पाण्यातला प्रत्येक कण उजळतो, आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. पावसात आंबोली घाटात हाय बीम लावून पाहिलाय ना, तेच. मी हाउसिंग बसवायचा एक साधा ट्रे, टॉर्च धरणारा एक जोडहात आणि एक व्हिडिओ टॉर्च घेतली आणि उजेड बाजूने, तिरका टाकायला लागले. माझ्या फोटोंमध्ये सगळ्यात मोठा फरक या टॉर्चने पडला, कॅमेऱ्याने नाही. बजेट तुटपुंजं असेल तर कॅमेरा जुना घ्या, टॉर्च चांगली घ्या.

टीजी-६ चा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटीमीटरवरचंही टिपतो. हाउसिंगच्या काचेमुळे तेवढं जवळ जाता येत नाही, आणि फार जवळ गेलं की हाउसिंगची सावली विषयावर पडते, म्हणून मी चार बोटं मागे थांबून झूम करते. किल्ल्यामागच्या एका खडकावर करंगळीच्या नखाएवढी समुद्री गोगलगाय सापडली, तिच्या पाठीवरचे गिल्स एखाद्या फुलासारखे उघडलेले. तो फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने न सजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढला होता, घरी येऊन रंग थोडे सावरले. मागचं पाणी किती गढूळ होतं हे त्या फोटोत कुणालाच कळत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. या हाउसिंगला गळती सांगणारा सेन्सर नाही, हवा खेचून तपासायची सोय नाही. भरवसा आपल्या बोटांवर. सपाट काचेमुळे पाण्यात वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, पर्यायाने चौकट अरुंद होते. दोन डायव्हर एका फोटोत पूर्ण बसवायला मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की पुन्हा ताक. कॅमेऱ्याचा उजेड टिपणारा सेन्सर लहान, अंधाऱ्या कपारीत फोटो दाणेदार येतात. वेगळी लेन्स लावून रुंदी वाढवता येते, पण मालवणसाठी तो खर्च मी करणार नाही.

डाइव्ह संपल्यावर होडीत ओला पंचा हाउसिंगवर टाकते, मीठ वाळू देत नाही. होमस्टेवर बादलीत गोड्या पाण्यात अर्धा तास, आणि पाण्यातच एकेक बटण दहा-बारा वेळा दाबायचं. बटणांच्या दांड्यांनाही छोट्या रिंग असतात, तिथलं मीठ असंच निघतं. वाळवायचं सावलीत. विमानाने जाताना मोठी ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवते, नाहीतर वरच्या कमी दाबाने हाउसिंग असं बंद बसतं की हॅवलॉकला पोचल्यावर उघडताना नखं तुटतात. पावसाळ्यात डाइव्हिंग बंद, तेव्हा रिंग काढून, दार अर्धवट उघडं ठेवून, सिलिका जेलसह डब्यात. पुण्याच्या जुलैमध्ये लेन्सला बुरशी लागायला आठ दिवस पुरतात.

आणि डाइव्हिंगचं नवीन सर्टिफिकेट हातात पडलंय तर आत्ताच घेऊ नका. वीस-पंचवीस डाइव्ह होऊ द्या. शरीर एका जागी तरंगतं ठेवता येत नसेल तर हातात कॅमेरा आला की माणूस आधार शोधतो, आणि हाताखाली येतं ते प्रवाळ. मी सुरुवातीला हे केलंय, आणि त्याच डाइव्ह मास्टरने पाण्याखाली माझ्या हातावर फटका मारला होता.

दाराची ओ-रिंग वर्षाला एकदा बदलावी म्हणतात. माझी अजून लवचिक आहे, एकही चीर नाही. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीआधी बदलणार आहे. जास्तीची रिंग हाउसिंगसोबतच घेऊन ठेवली होती, तिचं पाकीट अजून फोडलेलं नाही.