‘कॉन्क्लेव्ह’ की ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’?

या दोन चित्रपटांपैकी एकच पुन्हा पाहायचा तर मी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ निवडेन, हे आधीच सांगतो.

एडवर्ड बर्गरचा ‘कॉन्क्लेव्ह’ (2024) थरार म्हणून मस्त पळतो. नवा पोप निवडताना मतदानाच्या फेऱ्यांगणिक पारडं फिरतं आणि अभिनेता राल्फ फाइन्सच्या चेहऱ्यावरची घालमेल बघत राहावी अशी. शेवटचा धक्का मात्र मला घाईचा वाटला.

जस्टिन त्रिएचा ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ (2023) अडीच तासांचा, संथ. नवरा पडून मेला की बायकोनं त्याला ढकललं, हे ठामपणे कळतच नाही. पण कोर्टात नवरा-बायकोच्या भांडणाचं रेकॉर्डिंग लावतात, तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो. आणि सगळा भार येतो तो दृष्टी अधू असलेल्या त्यांच्या लहानग्या मुलाच्या साक्षीवर. त्याचं वय बघून पोटात कालवतं.