गोणीतला युरिया की नॅनोची बाटली?

चोपड्याकडच्या मावसभावाने विचारलं, "दादा, यंदा कपाशीला गोणी बंद करून नुसती बाटली मारू का? आणि ते बारीक कण आपल्या अंगात तर जात नाहीत ना?" दुसरा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, म्हणून आधी तोच.

नॅनो युरिया म्हणजे पानांवर फवारायचा बाटलीतला पातळ युरिया. त्याचे कण साधारण 20 ते 50 नॅनोमीटरचे. माणसाचा केस 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. पण नुसत्या आकाराला भिऊन चालत नाही, कण कशाचा आहे ते बघावं लागतं. युरिया तर आपलं यकृतही तयार करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. चांदीच्या नॅनोकणांचं तसं नाही. त्यांतून सुटणारे आयन (विद्युतभारित कण) जमिनीतल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतात. म्हणून लेबलावर 'नॅनो' दिसलं की आत काय आहे ते वाचाच.

मला काळजी आहे ती श्वासाची. दुपारच्या वाऱ्यात नोझल जरा वर गेलं की फवारा तोंडावर येतो, मिशा ओल्या होतात आणि भिजलेला रुमाल नाकाला चिकटून राहतो. 2017 मध्ये यवतमाळात फवारताना शेतकरी दगावले ते कीटकनाशकाने, पण विष अंगात शिरायच्या वाटा याच. त्यामुळे बाटली कीटकनाशकात मिसळू नका.

गोणीचा त्रास फेकणाऱ्याला कमी, विहिरीला जास्त. हलक्या जमिनीत जोराचा पाऊस झाला की नत्र नायट्रेट होऊन खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त झालं की वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाचं रक्त पुरेसा ऑक्सिजन वाहू शकत नाही.

आता हिशेब. 45 किलोच्या गोणीत 20 किलो 700 ग्रॅम नत्र. इफको या खतांच्या सहकारी संस्थेने 2021 मध्ये आणलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 20 ग्रॅम, नंतरच्या 20 टक्केवालीतही 100 ग्रॅमच. केळीच्या एका झाडाला नत्राची शिफारस आहे 200 ग्रॅम! रावेर-यावलच्या केळीवाल्याने बाटलीच्या नादी लागूच नये. ठिबकमधून थोडा थोडा युरिया द्यावा, वायाही कमी जातो.

भावाला सांगितलं, गोणी बंद करू नकोस. पण एकदम ओतूही नकोस, तीन हप्त्यांत दे आणि मातीआड कर. पाती-फुलं लागताना एखादी बाटली मारायचीच असेल तर सकाळी, वारा पडलेला असताना, एन-95 मास्क लावून.